भारतीय दंतवैद्यकाचे जनक : डॉ. रफिउद्दीन अहमद

सर सय्यद अहमद खान, मौलाना आझाद, डॉ. झाकीर हुसेन ही नावे आपल्या घराघरांत परिचयाची आहेत. मुलांच्या वक्तृत्व स्पर्धांतून व निबंधांतून त्यांचे कार्य वारंवार सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु या देशात दातांची विद्या शिकवण्यासाठी ज्यांनी पहिले महाविद्यालय काढले, त्या डॉ. रफिउद्दीन अहमद यांचे नाव फारच थोड्या पालकांनी व विद्यार्थ्यांनी ऐकले असेल. त्यांच्या जीवनाचा परिचय करून देण्याचे आणखी एक कारण आहे. आज आपल्या परभणी जिल्ह्यात, अगदी जिंतूर-गंगाखेडपासून पाथरी-सोनपेठपर्यंत, पालकांसमोर एक नवा प्रश्न येत असतो. मुलीचे दात पुढे आलेले आहेत, स्थळे पाहणे सुरू होण्यापूर्वी ते नीट करावेत काय? मुलाचा पुढचा दात खेळताना अर्धा तुटला, तो पूर्ववत होईल काय? दातांवर तपकिरी डाग आहेत, ते जातील काय? आणि हे सारे कोणाकडून करून घ्यावे? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरसाहेबांच्या जीवनकार्यात सापडते.

रफिउद्दीन अहमद यांचा जन्म २४ डिसेंबर १८९० रोजी पूर्व बंगालमधील बर्धनपाडा या गावी झाला. वडील मौलवी सफिउद्दीन अहमद हे सरकारी नोकरीत डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. घरात दीन आणि दुनिया या दोन्हींच्या तालमीला मान होता. मुलाचे सुरुवातीचे शिक्षण ढाक्याच्या मदरशात झाले आणि पुढील शिक्षणासाठी त्याला अलीगढला पाठवण्यात आले. सर सय्यद यांनी १८७५ साली लावलेले रोपटे तोपर्यंत मोठे झाले होते. हिंदुस्थानच्या कानाकोपऱ्यातून मुस्लिम तरुण तेथे येत होते, इंग्रजी व विज्ञान शिकत होते आणि समाजासाठी काहीतरी करण्याची उमेद घेऊन बाहेर पडत होते. १९०८ साली रफिउद्दीन तेथून पदवीधर झाले. त्या काळात अशा तरुणासमोर सरकारी नोकरी किंवा वकिली हे दोन राजमार्ग होते. त्यांनी तिसरीच वाट धरली. १९०९ साली ते अमेरिकेला गेले आणि दातांची विद्या शिकण्यासाठी आयोवा विद्यापीठाच्या दंतवैद्यक शाळेत दाखल झाले.

या निर्णयाचे धाडस कळण्यासाठी त्या काळची परिस्थिती लक्षात घेतली पाहिजे. आपल्या देशात दात शिकवणारी एकही संस्था तेव्हा नव्हती. मोठ्या शहरांत विलायतेत शिकलेले काही मोजके दंतवैद्य होते, पण त्यांची पायरी चढणे साहेबांना व धनिकांनाच परवडे. बाकी रयतेचे दात न्हावी, हकीम आणि आठवडी बाजारात चादर पसरून बसणारे लोक उपटत. चादरीवर उपटलेल्या दातांचा ढीग मांडलेला असे व तोच त्याच्या हुशारीचा दाखला समजला जाई. एकच चिमटा सकाळपासून संध्याकाळपर्यंत अनेकांच्या तोंडात जाई. कधी दात तुटून मूळ आत राही, कधी दुखणाऱ्या दाढेऐवजी शेजारची चांगली दाढ निघे, तर कधी जखमेत पू होऊन माणूस जिवास मुके. दात सांधणे, वाचवणे, सरळ करणे या गोष्टी सामान्य माणसाच्या स्वप्नातही नव्हत्या.

वास्तविक ही विद्या आपल्या पूर्वजांना अनोळखी नव्हती. दहाव्या शतकात स्पेनमधील कुर्तुबा येथील प्रख्यात शल्यवैद्य अबुल कासिम अल-जहरावी यांनी आपल्या तीस भागांच्या ग्रंथात दातांवर सविस्तर लिहून ठेवले आहे. दातांवर साचलेले किटण खरवडण्याची निरनिराळी हत्यारे, हलणारे दात सोन्याच्या तारेने शेजारच्या दातांना बांधण्याची रीत, पडलेल्या दाताच्या जागी बैलाच्या हाडाचा दात कोरून बसवणे, वेडावाकडा उगवलेला दात कानशीने घासून नीट करणे, हे सारे त्यात आहे. दात उपटण्याची घाई करू नये, आधी नेमका कोणता दात दुखतो याची खात्री करावी, आणि अडाणी न्हाव्यांच्या हाती हे काम देऊ नये, असा इशाराही त्यांनी देऊन ठेवला होता. हजार वर्षांपूर्वी लिहिलेली ही गोष्ट विसाव्या शतकाच्या आरंभीही आपल्याकडे अमलात आलेली नव्हती. विद्या होती, पण ती शिकवणारी शाळा नव्हती. ही उणीव रफिउद्दीन यांनी भरून काढली.

१९१५ साली ते आयोवाहून दंतशल्यवैद्यकाची डॉक्टर ही पदवी घेऊन बाहेर पडले. त्यानंतर १९१८ पर्यंत त्यांनी बोस्टन येथील फोर्सिथ रुग्णालयात काम केले. हे रुग्णालय खास मुलांच्या दातांसाठी काढलेले होते. गरिबांच्या मुलांचे दात वेळीच तपासले, कीड लागताच भरले, तर ते जन्मभर टिकतात, हा तेथील कामाचा पाया होता. परक्या मुलखात चांगली पदवी आणि चांगली नोकरी हाती असताना तेथेच स्थायिक होणे त्यांना अवघड नव्हते. परंतु १९१९ साली ते मायदेशी परतले आणि कलकत्त्यात त्यांनी आपला व्यवसाय सुरू केला.

पुढच्याच वर्षी, १९२० साली, त्यांनी कलकत्त्यात दंत महाविद्यालय स्थापन केले. भारतातील हे पहिले दंत महाविद्यालय होय. आपला परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि इकडे साधी माध्यमिक शाळासुद्धा दुर्मिळ होती, यावरून काळाची कल्पना यावी. महाविद्यालयामागे ना सरकारी अनुदान होते, ना एखाद्या नवाबाची किंवा शेठजींची देणगी. डॉक्टरसाहेबांनी मग एक वेगळाच उपाय योजला. अमेरिकेत त्यांनी सोडा, सरबत व आइस्क्रीमची दुकाने पाहिली होती. तशाच धर्तीवर त्यांनी कलकत्त्यात न्यूयॉर्क सोडा फाउंटन या नावाचे दुकान काढले आणि त्याच्या उत्पन्नावर महाविद्यालयाचा खर्च चालवला. विलायती पदवी घेतलेल्या डॉक्टरने सरबताचे दुकान काढावे, याला लोक हसले असतील. पण त्या गल्ल्यातून खुर्च्या आल्या, हत्यारे आली, शिक्षकांचे पगार निघाले. आपली शाळा चालवण्यासाठी काढलेला कोणताही हलालीचा धंदा त्यांना कमी दर्जाचा वाटला नाही. शिक्षण संस्था चालवणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट मनावर कोरून ठेवण्यासारखी आहे.

पैशापेक्षाही मोठी अडचण लोकांच्या समजुतीची होती. दात काढणे हे न्हाव्याचे काम, त्यासाठी महाविद्यालयात कशाला जायचे, असे सुशिक्षित घरांतही म्हटले जाई. सुरुवातीला विद्यार्थी अगदी थोडे मिळाले. डॉक्टरसाहेब डगमगले नाहीत. त्यांनी अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने वाढवत नेला. १९२५ साली त्यांनी दंतवैद्यकाचे नियतकालिक सुरू केले व दोन दशकांहून अधिक काळ त्याचे संपादन केले. विद्यार्थ्यांना सोपे पाठ्यपुस्तक नव्हते, म्हणून १९२८ साली दात कोरून भरण्याच्या व दुरुस्त करण्याच्या शास्त्रावर स्वतः पुस्तक लिहून प्रसिद्ध केले. या विषयाची निवड लक्षात घेण्यासारखी आहे. उपटलेल्या दाताला पुस्तकाची गरज नसते. दात वाचवायचा असेल, तर मात्र त्याचे सारे अंतरंग शिकावे लागते.

मुलींसाठीही या महाविद्यालयाची दारे खुली होती. पुढे पाकिस्तानच्या राजकारणात प्रसिद्धीस आलेल्या फातिमा जिना यांनी येथेच शिक्षण घेतले आणि १९२३ साली मुंबईत स्वतःचा दातांचा दवाखाना उघडला. शंभर वर्षांपूर्वी, पडदा कडक पाळला जात असताना, एक मुस्लिम तरुणी मुंबईसारख्या शहरात दंतवैद्य म्हणून बसली होती, ही गोष्ट आपल्या मुलींना अवश्य सांगावी.

डॉक्टरसाहेबांचे याहून दूरगामी कार्य कायद्याच्या बाबतीत झाले. महाविद्यालयातून शिकून निघालेला डॉक्टर आणि बाजारात चादर पसरणारा माणूस यांत लोकांना फरक कळावा कसा? दोघेही पाटी लावत, दोघेही दात काढत. त्यासाठी त्यांनी दंतवैद्यांची संघटना उभारली आणि दंतवैद्यांची सरकारी नोंदवही असावी, नोंद नसलेल्याने हा व्यवसाय करू नये, असा आग्रह धरला. त्यांच्या प्रयत्नांतून बंगालमध्ये १९३९ साली दंतवैद्यांचा कायदा झाला. १९४६ साली ते अखिल भारतीय दंतवैद्य संघटनेचे अध्यक्ष झाले, आणि स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ साली, सबंध देशासाठी दंतवैद्य कायदा आला. पुढच्या वर्षी भारतीय दंत परिषद अस्तित्वात आली. पदवीधरांची नोंद एका भागात, आणि पदवी नसली तरी कित्येक वर्षे याच व्यवसायावर पोट भरणाऱ्यांची नोंद दुसऱ्या भागात, अशी व्यवस्था त्या कायद्याने केली. त्यामुळे जुन्यांची रोजीरोटी गेली नाही, पण पुढे येणाऱ्यांना पदवीशिवाय दार बंद झाले. या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ साली राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा मंजूर केला. कायद्याचे नाव बदलले तरी, तोंडात हत्यार घालणाऱ्या माणसाची सरकारदरबारी नोंद असली पाहिजे, हे तत्त्व कायम आहे.

१९४९ साली डॉक्टरसाहेबांनी आपल्या हाताने वाढवलेले महाविद्यालय पश्चिम बंगाल सरकारच्या स्वाधीन केले. तीस वर्षे प्राचार्यपद सांभाळून १९५० साली ते त्यातून मोकळे झाले. फाळणीनंतरच्या त्या कठीण दिवसांत पूर्व बंगालचा हा सुपुत्र भारतातच राहिला. डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या मंत्रिमंडळात त्यांनी १९६२ पर्यंत मंत्री म्हणून काम केले आणि शेती, सहकार, समाजविकास अशी खाती सांभाळली. १९६४ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. ९ फेब्रुवारी १९६५ रोजी ते अल्लाहला प्यारे झाले. कलकत्त्याचे ते महाविद्यालय आज डॉ. आर. अहमद दंत महाविद्यालय व रुग्णालय या नावाने ओळखले जाते.

आता त्यांच्या विद्येचा आपल्या घरच्या प्रश्नांशी असलेला संबंध पाहू. डॉक्टरसाहेबांच्या काळी दात वाचवणे हीच मोठी गोष्ट होती. आज त्या पायावर सौंदर्यासाठीचे दंतवैद्यक उभे राहिले आहे. हसताना माणसाने तोंडावर हात धरू नये, मुलीला चारचौघींत संकोच वाटू नये, ही इच्छा गैर नाही. मात्र पाया आधी आणि रंगरंगोटी नंतर, हा क्रम चुकता कामा नये. हिरड्यांतून रक्त येत असेल, दाढांना कीड असेल, तर आधी ते बरे झाले पाहिजे. तसे न करता कोणी थेट दात पांढरे करण्याचे किंवा टोप्या बसवण्याचे सुचवत असेल, तर तेथून उठावे.

डागांचेही प्रकार आहेत. मिश्री, तंबाखू, सुपारी, गुटखा, चहा यांचे डाग वरवरचे असतात. ते व साचलेले किटण यंत्राने साफ करता येते. त्यामुळे दात ढिले होतात हा गैरसमज आहे. किटणामुळे हिरडी आधीच झिजलेली असते, ते निघाल्यावर दात हलत असल्याचे फक्त जाणवते. दुसरे डाग दाताच्या आतले. मराठवाड्यातील काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असते. पक्के दात हिरडीच्या आत तयार होत असताना मुलाने असे पाणी प्यायल्यास दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे पडतात. ते घासून जात नाहीत. रस्त्यावर कोणी तेजाबासारख्या औषधाने ते काढून देतो म्हणाला तर त्या औषधाने दाताचे वरचे कवचच जाते, आणि ते कवच पुन्हा येत नाही. दात पांढरे करण्याची शास्त्रीय पद्धत आहे, पण तिचा परिणाम कायमचा नसतो, काही दिवस दात सळसळू शकतात, कॅप किंवा भरलेल्या सिमेंटचा रंग तिने बदलत नाही, आणि लहान मुले व गरोदर स्त्रिया यांच्यासाठी ती नाही.

तुटलेला पुढचा दात दाताच्याच रंगाच्या मसाल्याने त्याच दिवशी बांधता येतो. दात मुळासकट निखळून पडला असेल आणि तो पक्का दात असेल, तर मुळाला हात न लावता उचलावा, दुधात ठेवावा आणि तासाभराच्या आत दवाखाना गाठावा. तो पुन्हा बसण्याची आशा असते. दातांवर पातळ पापुद्रे चिकटवण्यासाठी किंवा कॅप बसवण्यासाठी बहुधा चांगला दात घासावा लागतो. एकदा घासलेला दात पूर्ववत होत नाही, म्हणून केवळ रंगासाठी तरुण मुलामुलींचे निरोगी दात घासून घेण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. वेड्यावाकड्या दातांसाठी तार हा चांगला उपाय आहे. मुलाचे दात सातव्या वर्षाच्या सुमारास एकदा तज्ज्ञाला दाखवावेत. तारेचे काम बहुधा अकरा ते चौदा या वयात सुरू होते, त्याला एक-दोन वर्षे लागतात आणि वरचेवर जावे लागते. तार काढल्यावर दात परत सरकू नयेत म्हणून पट्टीही वापरावी लागते. मोठ्या वयातही हे होऊ शकते, पण लग्न महिन्यावर आले असताना दात सरळ करून देतो म्हणणाऱ्यापासून सावध राहावे. पडलेल्या दाताच्या जागी शेजारच्या दातांना मसाला चिकटवून बाजारात बसवला जाणारा पक्का दात तर अतिशय घातक असतो. त्याखाली अन्न कुजते, हिरडी सुजते आणि एकाच्या जागी तीन दात जातात.

डॉक्टर निवडताना पाटीवरील झगमगाटापेक्षा भिंतीवरील कागद आधी पाहावा. बी.डी.एस. ही पदवी आणि राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. तो विचारण्यात अदबीला कमीपणा नाही. डॉ. अहमद यांनी हा हक्क आपल्याला मिळवून देण्यासाठीच आयुष्य वेचले. एम.डी.एस. असल्यास ते कोणत्या शाखेतले आहे तेही विचारावे. तारेचे काम त्या शाखेतील तज्ज्ञाने करणे केव्हाही बरे. चांगला डॉक्टर आधी मधुमेह, रक्तदाब, चालू औषधे, गरोदरपण यांची चौकशी करतो, गरज असल्यास एक्स-रे काढतो, प्रत्येक रुग्णाला नवे हातमोजे व निर्जंतुक केलेली हत्यारे वापरतो. एकाहून अधिक उपाय सांगतो, प्रत्येकाचा खर्च व तोटा समजावतो, काहीच न करणे हाही मार्ग असेल तर तोही सांगतो. खर्च लिहून मागावा आणि मोठे काम असेल तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे. आजच पैसे भरा म्हणणाऱ्याची घाई आपल्या सोयीची नसते. खर्चाची अडचण असलेल्यांसाठी दंत महाविद्यालयांचे बाह्यरुग्ण विभाग आहेत. तेथे अनुभवी शिक्षकांच्या देखरेखीखाली कमी खर्चात काम होते. छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, शासकीय दंत महाविद्यालय आहे, आणि आता परभणी शहरातही दंत महाविद्यालय आहे.

विद्यार्थी मित्रांनो, ज्या देशात १९२० पूर्वी दात शिकायला एकही वर्ग नव्हता, तेथे आज परभणीच्या मुलाला वा मुलीला आपल्याच जिल्ह्यात ही विद्या शिकता येते. बारावी विज्ञान, नीट परीक्षा आणि पुढे प्रत्यक्ष कामाच्या वर्षासह पाच वर्षांचा अभ्यास, एवढी तयारी हवी. एम.बी.बी.एस.चा नंबर हुकला म्हणून नाइलाजाने या शाखेकडे वळणारे पुष्कळ असतात. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी मात्र लोक हसत असताना, कोणीही जात नव्हते अशा या वाटेची निवड केली होती. आपल्या जिल्ह्यातील मुलामुलींनी ही विद्या आवडीने शिकावी आणि आपल्याच तालुक्याच्या गावी दवाखाना थाटावा. पालकांनीही मुलांचे दात आठवडी बाजारातील चादरीवर न नेता नोंदणीकृत डॉक्टरकडे न्यावेत. एवढे झाले तर डॉक्टरसाहेबांच्या मेहनतीचे चीज झाले असे म्हणता येईल. अल्लाह त्यांना जन्नतमध्ये उच्च स्थान देवो.